माहिती नेटवर आहे, वस्तीवर नाही : नांदेड-लातूरच्या तरुणांपुढचा प्रश्न

दहावी-बारावीचा निकाल लागला की नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत गर्दी सुरू होते. मुखेड, कंधार, किनवट, हिमायतनगर इकडची मुले नांदेडला येतात. जळकोट, देवणी, अहमदपूर, शिरूर अनंतपाळची मुले लातूर गाठतात. 'लातूर पॅटर्न'चे नाव ऐकून आईवडील कर्ज काढून खोली करून देतात. या गर्दीत आपल्या भीमनगरातली, सिद्धार्थनगरातली मुलेही असतात. त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह आहे, वसतिगृहात जागा नसेल तर स्वाधार योजना आहे, आणि या सगळ्याची माहिती नेटवर आहे. तरीही दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्यासारख्या कार्यकर्त्यांकडे एकच वाक्य घेऊन मुले येतात : "दादा, आम्हाला माहीतच नव्हतं."

हे वाक्य ऐकले की आपल्यातलेच शिकलेले लोक म्हणतात, "हातात मोबाईल आहे, दिवसभर रील्स बघतात, मग माहिती का काढत नाहीत?" या प्रश्नात थोडे तथ्य आहे, पण फार थोडे. आम्ही या दोन जिल्ह्यांत वस्त्यांवर काम करतो. आमचा अनुभव असा की माहिती 'असणे' आणि माहिती 'पोहोचणे' यांच्यामध्ये मोठे अंतर आहे, आणि या अंतराची किंमत तीच माणसे मोजतात ज्यांना ती परवडत नाही. म्हणून हा प्रश्न समाजातल्या आळसाचा मानून सोडून देता येत नाही. तो हक्काचा प्रश्न आहे आणि चळवळीने तो तसाच हाती घेतला पाहिजे.

काय काय उपलब्ध आहे?

आधी जे आहे ते मान्य करू. दोन्ही जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे आहेत. त्यावर विभागांची यादी, अधिकाऱ्यांची पदे, नोटिसा, भरतीच्या जाहिराती असतात. 'आपले सरकार' पोर्टलवर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला यांचे अर्ज करता येतात. 'महाडीबीटी'वर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसह राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्या आहेत. 'महाभूलेख'वर सातबारा दिसतो. राज्य शासनाचे शासन निर्णय, म्हणजे ज्याला आपण जीआर म्हणतो, ते स्वतंत्र संकेतस्थळावर मराठीत मिळतात. जात पडताळणीचा अर्ज ऑनलाइन होतो. बार्टीच्या संकेतस्थळावर स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणाच्या आणि अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती येतात. न्यायालयातल्या खटल्याची पुढची तारीख 'ई-कोर्ट्स'वर बघता येते. माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा घरबसल्या करता येतो.

वीस वर्षांपूर्वी यातल्या प्रत्येक कामासाठी तहसीलला किंवा जिल्ह्याला खेटे घालावे लागत. किनवट किंवा माहूरच्या माणसासाठी नांदेडची एक खेप म्हणजे पूर्ण दिवस आणि दिवसाची मजुरी. ती खेप वाचली तर चांगलेच आहे. ऑनलाइन व्यवस्थेला आमचा विरोध नाही. प्रश्न असा आहे की ती कुणाला गृहीत धरून उभारली आहे?

मधला माणूस गेला नाही, त्याची जागा बदलली

ऑनलाइनमुळे दलाल संपेल, असे आपल्याला सांगितले होते. प्रत्यक्षात तहसीलसमोरच्या टपरीतला दलाल गेला आणि त्याच्या जागी 'ऑनलाइनवाला' आला. आम्ही सर्वच सेवा केंद्रांना दोष देत नाही. कित्येक केंद्रचालक रात्री उशिरापर्यंत बसून, सर्व्हर चालू होण्याची वाट बघत मुलांचे अर्ज भरतात. त्यांतले काही आपल्याच समाजातले कष्टाळू तरुण आहेत. पण व्यवस्थाच अशी आहे की सामान्य माणूस अर्ज स्वतः भरू शकत नाही. त्यामुळे युजर आयडी आणि पासवर्ड केंद्रचालकाकडे राहतो. मोबाईल नंबर कधी मुलाच्या मामाचा, कधी केंद्रचालकाचा स्वतःचा. ओटीपी तिकडेच जातो. अर्जाचे पुढे काय झाले हे मुलाला कळत नाही.

महाडीबीटीचेच उदाहरण घ्या. विद्यार्थ्याने अर्ज भरला की काम संपत नाही. तो महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो. तिथे तपासणी झाली की समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या लॉगिनला जातो. मधे कुठेही त्रुटी निघाली की अर्ज विद्यार्थ्याकडे परत येतो. पोर्टलवर 'सेंड बॅक' असे दिसते, पण दिसते कुणाला? ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याला. परत आलेल्या अर्जाची दुरुस्ती ठरलेल्या मुदतीत झाली नाही तर वर्ष गेले. मूल मात्र "अर्ज भरलाय" या समाधानात असते.

दुसरी अडचण बँकेची. "माझे आधार खात्याला जोडलेले आहे" असे मूल खात्रीने सांगते. पण थेट लाभ हस्तांतरणाचे पैसे येण्यासाठी नुसती जोडणी पुरत नाही, आधार सीडिंग लागते. ज्या खात्याला शेवटचे सीडिंग झाले, पैसे त्या खात्यात जातात. अनेक मुलांनी शाळेत असताना एक आणि कॉलेजला आल्यावर दुसरे खाते उघडलेले असते. पैसे जुन्या, बंद पडलेल्या खात्याकडे वळतात किंवा अडकतात. ही दोन ओळींची माहिती आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आपले कोणते खाते सीड झाले आहे हे दोन मिनिटांत दिसते. पण ते बघायचे असते हेच कुणी सांगितलेले नसते.

तिसरी अडचण फोनची. घरात एक स्मार्टफोन असतो, तो वडिलांकडे किंवा भावाकडे असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आणि पुरुषांचे सुमारे ६१ टक्के होते. ही आकडेवारी २०१९ ची आहे, त्यानंतर फोन वाढले. पण वस्तीत फिरताना आजही दिसते की मुलीच्या हातातला फोन हा 'मागून घेतलेला' फोन असतो. रात्री अकराला सर्व्हर चालू होतो तेव्हा तो तिच्या हातात नसतो.

स्वाधार : नाव माहीत, अटी माहीत नाहीत

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता मिळावा, हा तिचा हेतू. ६ जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयात मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार, मधल्या गटातल्या शहरांसाठी ५१ हजार आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी ४३ हजार रुपये ठरले. या ४३ हजारांत भोजनाचे २५ हजार, निवासाचे १२ हजार आणि निर्वाहाचे ६ हजार. लातूर-नांदेडला खोली करून राहणाऱ्या शेतमजुराच्या मुलासाठी ही रक्कम म्हणजे शिक्षण चालू राहणे किंवा सुटणे.

योजनेचे नाव आता बहुतेकांना माहीत आहे. पण नाव माहीत असणे पुरत नाही. विद्यार्थी शिकत असलेल्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे, मागच्या परीक्षेत ठरावीक गुण असावेत, या अटी अर्ज करायच्या आधी कळायला हव्यात. बाहेरगावचा असल्याचा पुरावा, भाड्याच्या खोलीचा कागद, महाविद्यालयाचे बोनाफाईड, उपस्थितीचा दाखला हे सगळे वेळेत गोळा करावे लागते. घरमालक भाड्याचा कागद करून द्यायला तयार नसतो. उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही. जीआर पाच-सात पानांचा, सरकारी मराठीतला. बारावी झालेल्या मुलाला 'उपरोक्त', 'अनुज्ञेय', 'विहित नमुन्यात' असले शब्द अडवतात. मराठीत असूनही ती त्याची मराठी नसते.

यात नवीन काही शोधायचे नाही. एका कागदावर साध्या भाषेत कुणाला मिळते, काय लागते, कुठून आणायचे, कधीपर्यंत, नाकारले तर कुणाकडे जायचे, एवढे लिहिले की अर्धे काम होते. एवढा कागद दोन्ही जिल्ह्यांच्या प्रत्येक महाविद्यालयाच्या दारात लावणे शासनाला अवघड नाही.

जे कागदावर आलेच नाही ते नेटवर कुठून येणार?

इथपर्यंतचे प्रश्न मेहनतीने सुटण्यासारखे आहेत. पण एक प्रश्न खोलवरचा आहे, आणि आपल्या समाजाने तो नीट समजून घेतला पाहिजे. तो जात पडताळणीचा.

राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश, सरकारी नोकरी, राखीव जागेवरून निवडणूक या सगळ्यांसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. २००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ आणि २०१२ चे नियम यांनुसार हे काम चालते. अनुसूचित जातीसाठी पुरावा मागितला जातो तो १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, कारण त्या दिवशी अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. आणि कायद्याच्या आठव्या कलमानुसार आपली जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच आहे.

आता मराठवाड्याकडे बघा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड-लातूरचा हा भाग निजामाच्या राज्यात होता. जुनी दप्तरे उर्दूत आणि मोडीत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून महसुली कागदात नाव नाही. त्यांना शाळेत घेतले जात नव्हते, म्हणून शाळेच्या रजिस्टरात नाव नाही. ज्या व्यवस्थेने त्यांना कागदाबाहेर ठेवले, तीच व्यवस्था आज नातवाला विचारते, "१९५० च्या आधीचा कागद आण."

त्यात बौद्ध म्हणून आणखी एक गुंता आहे. १९५६ नंतर अनेक कुटुंबांनी अभिमानाने शाळेत 'बौद्ध' लिहिले. पुढे १९९० मध्ये घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या पातळीवरही अनुसूचित जातीचे संरक्षण मिळाले. पण दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख लागतो. त्यामुळे मुलाच्या टीसीवर जातीच्या रकान्यात 'बौद्ध', वडिलांच्या टीसीवर 'महार', काकांच्या कागदावर 'नवबौद्ध' अशी नोंद निघते आणि समितीकडून त्रुटीचे पत्र येते. मुलाला वाटते की आपली केस खोटी ठरली. तसे नसते. त्रुटीला उत्तर देता येते, वंशावळ आणि शपथपत्र देता येते, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर तो भक्कम आधार ठरतो. पण हे कळायला कुणीतरी सांगणारे लागते. संकेतस्थळावर कागदपत्रांची यादी असते, 'हे नसेल तर काय' याचे उत्तर नसते.

शासनाला हे जमत नाही असेही नाही. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी महसूल यंत्रणा कामाला लागली. मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार बसवले गेले, जुनी रजिस्टरे तपासली गेली, सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे पुढची कार्यपद्धती ठरवणारा शासन निर्णयही निघाला. आरक्षणाच्या त्या वादात आम्ही इथे जात नाही, आणि कुठल्याही समाजाच्या कागदाविषयी आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच : इच्छा असली की शासन स्वतः दप्तर उघडते, वाचणारा माणूस बसवते आणि नोंद नेटवर आणून ठेवते. मग अनुसूचित जातींच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुन्या शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, खासरा पत्रके, गावनिहाय स्कॅन करून खुल्या का होऊ नयेत? पुरावा शोधायची जबाबदारी गरिबाच्या एकट्या पोराने का वाहावी?

ही मागणी आम्हाला आजवर नीट मांडलेली दिसत नाही. नांदेड आणि लातूरच्या संघटनांनी ती एकत्र येऊन मांडली पाहिजे.

जमिनीचेही असेच आहे. सातबारा ऑनलाइन झाला ही सोय कुणाची? ज्याच्याकडे सातबारा आहे त्याची. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांपासून मराठवाड्यातली आपली माणसे गायरान कसत आली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. तरी कित्येकांची नोंद आजही झालेली नाही. 'महाभूलेख'वर त्यांनी गाव निवडले, गट नंबर टाकला, तर तिथे सरकारचे नाव दिसते. नेट खोटे बोलत नाही, पण कागदात जे लिहिले गेले तेवढेच ते दाखवते.

रिकाम्या जागेत अफवा भरते

खात्रीची माहिती पोहोचत नाही तिथे व्हॉट्सॲप पोहोचते. "अमुक तारखेच्या आत अर्ज करा, सरकार लॅपटॉप देणार", "तमुक योजनेचे पैसे आले, लिंकवर क्लिक करा" असले संदेश सर्वांत आधी आपल्याच ग्रुपवर फिरतात. काही निव्वळ जुने असतात, काही फसवणुकीचे. ओळखायची एक सोपी खूण आहे. राज्य शासनाच्या प्रत्येक जीआरवर अठरा अंकी संगणक सांकेतांक असतो. तो शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकला की खरा जीआर उघडतो. उघडला नाही तर संदेश पुढे पाठवू नका.

जनगणनेबाबत तर हा गोंधळ फार महागात पडू शकतो. २०२७ ची जनगणना डिजिटल पद्धतीने होणार आहे, तीत सर्व जातींची नोंद होणार आहे, आणि स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही असणार आहे. आपल्या ग्रुपवर मात्र परस्परविरोधी संदेश आहेत. कुणी म्हणते धर्म बौद्ध आणि जात बौद्ध लिहा, कुणी म्हणते जातीचा रकाना मोकळा सोडा, कुणी म्हणते बौद्ध लिहिले की आरक्षण जाते. यातली शेवटची गोष्ट सरळ खोटी आहे. धर्म बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही, १९९० पासून कायदा स्पष्ट आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ६५ लाख ३१ हजार बौद्धांपैकी सुमारे ८० टक्के लोकांची नोंद अनुसूचित जातीत झालेली आहे. पण महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या ५९ जातींच्या यादीत 'बौद्ध' ही जात नाही, हेही खरे. धर्माच्या रकान्यात आपण काय लिहायचे हे बाबासाहेबांनी १९५६ ला सांगून ठेवले आहे. जातीच्या रकान्याबाबत समाजात वैचारिक मतभेद आहेत आणि ते असू शकतात. पण तो निर्णय कायद्याची माहिती घेऊन व्हावा, फॉरवर्ड वाचून नव्हे.

कायदा आपल्या बाजूने आहे

माहिती देणे ही शासनाची मेहेरबानी नाही. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू आहे. त्यातला अर्जाचा भाग आपल्याला माहीत आहे, पण कलम ४ आपण विसरतो. या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. कोणत्या योजनेसाठी किती निधी, लाभार्थी कोण, निर्णय कोण घेतो, हे सगळे त्यात येते. ती माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागातल्या लोकांपर्यंत सर्वांत परिणामकारकपणे पोहोचेल अशा मार्गाने द्यावी, असेही कायदा सांगतो. म्हणजे 'संकेतस्थळावर टाकली आहे' एवढ्याने कायदा पाळला जात नाही. दवंडी, फलक, नोटीस बोर्ड, वर्तमानपत्र हे मार्गही कायद्याला अभिप्रेत आहेत.

दुसरा कायदा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणे हा आपला हक्क आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. दाखला वेळेत मिळाला नाही किंवा कारण न देता नाकारला, तर कार्यालयातच पहिले अपील, मग दुसरे आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पावती जपून ठेवा, मुदत त्याच तारखेपासून मोजली जाते.

तिसरी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाची. ३० एप्रिल २०२५ ला 'प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण अपंग व्यक्तींना ऑनलाइन ओळख पडताळणीत येणाऱ्या अडचणींचे होते, पण निकालात ग्रामीण भागातल्या आणि वंचित घटकांतल्या लोकांचाही विचार आहे. शासनाने सेवा ऑनलाइन केली तर ती सर्वांना वापरता येईल हे बघणे शासनाचेच काम आहे.

अत्याचाराच्या प्रसंगी तर माहिती म्हणजे संरक्षण असते. १४५६६ हा अत्याचार प्रतिबंधाचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १३ डिसेंबर २०२१ पासून सुरू आहे. मोफत विधी साहाय्यासाठी १५१०० आहे. अत्याचार प्रतिबंधक नियमांनुसार जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झालीच पाहिजे. नामांतराच्या काळात जळालेल्या वस्त्या बघितलेल्या या जिल्ह्यांत हे दोन क्रमांक प्रत्येक विहाराच्या भिंतीवर रंगवलेले असायला हवेत. किती विहारांत आहेत, हे तुम्हीच आपापल्या गावात बघा.

विहार काय करू शकतो?

२०११ च्या जनगणनेनुसार नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण १९ टक्क्यांच्या पुढे आहे, म्हणजे जवळपास दर पाचवी व्यक्ती. यात बौद्ध आहेत तसेच मातंग, चर्मकार आणि इतर समाज आहेत. योजना सर्वांच्या आहेत, म्हणून हे कामही सर्वांसाठी उघडे असले पाहिजे. विहाराच्या दारात मातंग समाजातली मुलगी अर्ज भरायला आली, तर तो विहाराचा मोठेपणा ठरेल.

वेगळी इमारत, मोठा निधी काही लागत नाही. आमच्या मते पाच गोष्टी पुरे आहेत.

एक, विहारात माहिती फलक. एका बाजूला या महिन्यात कोणता अर्ज सुरू आहे आणि शेवटची तारीख, दुसऱ्या बाजूला हेल्पलाइन क्रमांक. दर रविवारी वंदनेनंतर फलक मोठ्याने वाचून दाखवायचा. ज्यांना वाचता येत नाही त्या आयाबाया हेच ऐकून घरी जाऊन मुलांना विचारतात.

दोन, वस्तीतल्या किमान दोन तरुणांनी, त्यातली एक मुलगी, पोर्टल शिकून घेणे. अर्ज भरून देण्यापेक्षा शेजारी बसून भरायला शिकवणे महत्त्वाचे. पासवर्ड ज्याचा त्याच्या वहीत, मोबाईल नंबर घरातलाच, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. आधार आणि बँकेचे कागद गोळा करून ठेवायचे नाहीत. काल दलालाकडे होते ते आज कार्यकर्त्याकडे गेले, असे व्हायला नको.

तीन, वैधता प्रमाणपत्राचे काम अकरावीतच सुरू करणे. बारावीच्या निकालानंतर धावपळ करण्यात अर्थ नाही. प्रत्येक कुटुंबाने वंशावळ आणि जुने कागद एका फाईलीत ठेवावेत. भावकीत ज्याला वैधता मिळाली आहे त्याने पुतण्याला प्रत द्यायला मागेपुढे बघू नये. घरगुती भांडणापायी कागद अडवून ठेवल्याच्या तक्रारी आमच्याकडे येतात. भांडण थोरल्यांचे असते, नुकसान मात्र पोराचे होते.

चार, शासनाची माणसे विहारात बोलावणे. बार्टीचे समतादूत तालुक्यात काम करतात. समाजकल्याण कार्यालयाचे कर्मचारी, विधी सेवा प्राधिकरणाचे वकील यांना पत्र देऊन जून-जुलैत एक दिवस बोलवा. पत्राची पोच घ्या. आले नाहीत तर पुन्हा पत्र द्या.

पाच, कलम ४ ची माहिती प्रसिद्ध आहे का हे दरवर्षी तपासणे. आपल्या जिल्ह्यात शिष्यवृत्तीचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती परत गेले, कोणत्या महाविद्यालयाच्या लॉगिनला किती अडकले, हे माहिती अधिकारात विचारा. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, शुल्क १० रुपये. हे आकडे हातात आले की निवेदनाला वजन येते.

हे काम आपण का करायचे?

काही कार्यकर्ते विचारतात, हे शासनाचे काम, आपण केले तर शासन मोकळे सुटत नाही का? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की पहिल्या चार गोष्टींनी आपण आजच्या मुलाचे वर्ष वाचवतो आणि पाचव्या गोष्टीने शासनाला जाब विचारतो. नुसते अर्ज भरत बसलो तर आपण बिनपगारी सेवा केंद्र होऊ. मोर्चे तेवढे काढत बसलो तर मधल्या काळात मुले कॉलेज सोडून पुण्याच्या कंपनीत कंत्राटी कामाला जातील. म्हणून फलक आणि माहिती अधिकाराचा अर्ज, दोन्ही एकाच विहारातून निघाले पाहिजेत.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा समाजातल्या फार थोड्या लोकांना वाचता येत होते. तरी त्यांनी वृत्तपत्र काढले. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. आपली बातमी आणि आपल्या हक्काची माहिती दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवायची नाही, ही शिकवण आपल्याला तिथून मिळाली. वाचता येणाऱ्या एकाने दहा जणांना वाचून दाखवायचे, असे ते अंक वस्तीत पोहोचत. आज वाचता येणारे घरोघरी आहेत आणि फोनही आहे. वाचून दाखवणारा मात्र कमी झाला आहे.

येत्या जूनच्या आधी आपल्या विहारात फलक लागलेला असावा आणि त्यावर पहिली तारीख लिहिलेली असावी, एवढे या लेखाच्या प्रत्येक वाचकाने मनावर घेतले तरी नांदेड-लातूरमधली कित्येक मुले यंदा दिवाळीला "माहीत नव्हतं" म्हणत आपल्या दारात येणार नाहीत.

जय भीम. नमो बुद्धाय.